तीन पंधरा

सोहारला, रिफायनरीच्या ज्वाळेकडे पाठ केलेल्या
या दुमजली घरात
एकाही दाराला आतून कडी नाही.
पडद्याचा दांडा वजन आलं की सुटून खाली येतो,
मुद्दाम तसाच बसवलाय.
आरसे स्टीलचे. तोंड दिसतं,
पण विहिरीत वाकून पाहिल्यासारखं.

नवा माणूस आला की मी त्याचं सामान उपसतो.
बुटांच्या नाड्या, पट्टा, चार्जरची वायर,
अत्तराची कुपी, कारण पिणारे तीही पितात.
खलफान आला तेव्हा डोक्यावर मसर होतं,
जांभळ्या काठाचं, बायकोने इस्त्री केलेलं.
मी हात पुढे केला.
"हे का?" मोडक्या हिंदीत.
"लांब आहे," म्हणालो.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे,
मग त्याला कळलं.
स्वतःची बोट, बोटीवर सहा माणसं,
असा बाप्या बोडक्या डोक्याने उभा,
आणि मी पावती लिहितोय: कापड, नग एक.

रात्री दर पंधरा मिनिटांनी फेरी.
दार लोटायचं. टॉर्च भिंतीवर, तोंडावर नाही.
छाती वर-खाली होताना दोनदा बघायची,
तक्त्यावर खूण, खाली सही.
दोन. सव्वादोन. अडीच.
मारिव्हिक सिस्टर सांगते,
आधी बघ, मग लिही.
एवढं सोपं.

आता सांगतो.
त्या रात्री मी तीनच्या ठोक्यालाच
सव्वातीनची खूण करून ठेवली. साडेतीनचीही.
सलग सोळावी रात्र, बदलीचा माणूस केरळला गेलेला,
पाय सुजून बुटात मावेनात.
सगळेच करतात.
हे कारण नव्हे, ठाऊक आहे मला.

तीन बावीसला नळ वाहत होता
आणि बंद होत नव्हता,
एवढ्यानेच उठलो.
खलफान न्हाणीच्या फरशीवर, ओठ काठाच्या रंगाचे.
शुक्रवारी चुलतभाऊ खजूर घेऊन आला होता.
डबा मी तपासला होता. खजूर नाही.
नाकात फवारा. दुसरा फवारा.
छातीवर हात, आकडे मोजतोय मराठीत,
एकोणीस, वीस, एकवीस,
आणि मग घशातून तो आवाज,
रेतीत रुतलेली होडी हलल्यासारखा.

ॲम्ब्युलन्स गेली. तक्ता टेबलावर तसाच.
कागदावर तो सव्वातीनला नीट श्वास घेत होता.
साडेतीनलाही.

आमच्या घाडीवाडीच्या वेशीवर राखणदार आहे,
शेंदूर नाही, देऊळ नाही, तीन धोंडे.
त्याला दरसाल नव्या वहाणा ठेवतात.
जुन्या उचलून बघावं तर टाचा झिजलेल्या.
आजोबा म्हणायचे, बघ, रात्रभर फिरतो तो,
उगाच नाही नारळ खात.
त्या पहाटे मी माझा बूट उलटा केला.
तळ कोरा. कंपनीचं नावसुद्धा वाचता येत होतं.

मारिव्हिकला सांगितलं. ती ओरडली नाही, हेच वाईट.
म्हणाली, खोडू नकोस. खाली खरी वेळ लिही.
लिहिली. पंधरा दिवसांचा पगार गेला,
फाइलीत एक पत्र लागलं.
खजुराच्या बिया आता मी एकेक काढतो,
लोक हसतात.

खलफान परत आला, राहिला, दोन महिन्यांनी सुटला.
पावतीवर सही करून मसर दिलं.
स्टीलच्या आरशासमोर त्याने ते झटकलं,
एक कोपरा माझ्या हातात दिला:
"धर. लांब आहे."
मी धरून राहिलो.
तो घडी घालत घालत माझ्याकडे येत गेला.
त्याला तीन पंधराचं कुणी सांगितलंय का,
मला माहीत नाही.
कापडाला अजून घरच्या इस्त्रीचा वास होता.